वॉर्सातलं कोल्हापूर

पोलंडच्या राजधानीत कोल्हापूरच्या नावाचं एक स्मारक आहे. मोंते कासिनोच्या लढाईत पडलेल्या पोलिश सैनिकांचं मोठं स्मारक वॉर्सात आहे, त्याच्या जवळच. २१ ऑगस्ट २०२४ रोजी भारताचे पंतप्रधान तिथे गेले आणि त्यांनी पुष्पचक्र वाहिलं. भारताचा पंतप्रधान पोलंडला गेला तो पंचेचाळीस वर्षांनी. दुसऱ्या दिवशी ती छायाचित्रं कोल्हापुरात मोबाइलवरून घरोघरी फिरली आणि माझ्या ओळखीच्या कितीतरी तरुणांनी विचारलं, की आपल्या गावाचं नाव तिकडे कशासाठी कोरलंय? विचारणारी मुलं शिकलेली होती. त्यातली काही रोज गांधीनगरच्या बाजारपेठेतून जा-ये करत होती. म्हणजे ज्या जागेमुळे ते स्मारक उभं राहिलं, त्याच जागेवरून.

या लेखसंग्रहाचा विषय तोच आहे, फक्त पट मोठा. विकसनशील देशानं जगात आपला लौकिक, आजच्या भाषेत आपली सॉफ्ट पॉवर, जाणीवपूर्वक का उभी करावी? पुढच्या पानांत दिल्ली येईल, वकिलाती येतील, परराष्ट्र धोरण येईल. प्रस्तावना लिहिताना मी मात्र कोल्हापूर सोडणार नाही. या प्रश्नाचं मला पटलेलं उत्तर शहराच्या पूर्वेला, वळिवड्याच्या रेल्वे स्टेशनाशेजारी सापडतं, आणि आपण या कामात कुठे कमी पडतो तेही तिथेच दिसतं.

गोष्ट १९३९ च्या सप्टेंबरातली. पश्चिमेकडून जर्मनीनं आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियानं पोलंड गिळला. १९४० आणि ४१ मध्ये पूर्व पोलंडमधल्या लाखो माणसांना मालगाड्यांत भरून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं. थंडीनं, उपासमारीनं, टायफसनं माणसं मेली. जून १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला, स्टालिनला दोस्तांची गरज पडली, तेव्हा कुठे या लोकांची सुटका झाली. जनरल अँडर्स यांनी त्यातूनच सैन्य उभं केलं. त्या सैन्यापाठोपाठ बायका, म्हातारी माणसं आणि पोरकी मुलं कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. पुरुष लढाईवर गेले. उरलेल्यांना ठेवायचं कुठे? काही पूर्व आफ्रिकेत गेले, काही मेक्सिकोत, काही न्यूझीलंडला. काही हजार हिंदुस्थानात आले. जामनगरजवळ बालाचडीला नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी सुमारे हजार मुलांना आसरा दिला. आणि १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानात, वळिवड्याला, रुळालगतच्या माळावर सुमारे पाच हजार लोकांची छावणी वसली.

छावणी म्हटलं की तारेचं कुंपण आणि तंबू डोळ्यांसमोर येतात. वळिवड्याला तसं नव्हतं. बराकींच्या लांबलचक रांगा होत्या, पण त्यांच्यामधून एक पोलिश गावच नांदत होतं. शाळा पोलिश भाषेतल्या होत्या. चर्च होतं, दवाखाना होता, नाटकं बसवली जात होती, स्काउटची पथकं होती. सैबेरियात ज्या मुलांनी रोटीच्या तुकड्यासाठी रांगा लावल्या, ती मुलं इथे परीक्षा देत होती. १९४८ पर्यंत, म्हणजे तब्बल पाच वर्षं, पंचगंगेच्या खोऱ्यात हे गाव टिकलं.

यात कोल्हापूरचं श्रेय नेमकं किती, हे आपण स्वतःशी नीट ठरवून घेतलं पाहिजे. छावणीचा खर्च लंडनमध्ये बसलेल्या पोलंडच्या निर्वासित सरकारच्या खात्यावर पडत होता. व्यवस्था ब्रिटिश हिंदुस्थान सरकारच्या देखरेखीखाली चालली. कोल्हापुरात राजाराम महाराज १९४० च्या नोव्हेंबरात वारले होते. पुढे गादीवर आलं ते दत्तक घेतलेलं लहान मूल आणि कारभार होता रीजन्सीकडे. म्हणजे जामसाहेबांसारखा एकच एक आश्रयदाता इथे दाखवता येत नाही. मला वाटतं, कोल्हापूरची गोष्ट मागे पडली त्याचं हे एक मोठं कारण आहे. जामनगरच्या गोष्टीला नायक आहे. वॉर्सात ‘भल्या महाराजां’च्या नावानं चौक आहे, पोलंडनं त्यांना मरणोत्तर सन्मान दिला. वळिवड्याला त्याच्या पाचपट माणसं राहिली, पण त्यांना सांभाळणारं कुणी एक नाव नाही. होता तो शेजार. दूध-भाजी घेऊन येणारे आसपासच्या गावचे लोक, दुकानदार, टांगेवाले. ज्यांची भाषा कळत नाही, धर्म वेगळा, कपडे वेगळे, अशा पाच हजार परक्यांना पाच वर्षं शेजारी म्हणून वागवणारी सामान्य माणसं. एक पोलिश मुलगी तर इथल्या घरात सून म्हणून आली आणि जन्मभर कोल्हापूरकर होऊन राहिली.

आणि काळ कोणता? त्याच १९४३ साली बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं अन्नावाचून मेली. देश पारतंत्र्यात होता. धान्य रेशनवर होतं. परक्याला जागा द्यायला आपल्याकडे सवड नाही असं म्हणायची सगळी कारणं हाताशी होती. ‘आधी आपलं पोट भरू द्या, मग जगाचं बघू’ हा युक्तिवाद आजही या विषयावरच्या प्रत्येक चर्चेत येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या तालुक्यात दवाखान्यात डॉक्टर नाही, तिथल्या माणसानं परदेशातल्या सांस्कृतिक केंद्रावरचा खर्च विचारणं योग्यच आहे. वळिवडे त्याला एवढंच सांगतं की लौकिक मिळवण्यासाठी श्रीमंत असावं लागत नाही. त्या वेळच्या गरीब, पराधीन देशाकडे जे होतं, म्हणजे जागा आणि माणुसकी, तेवढ्यावर जे नाव झालं, ते पुढच्या कुठल्याही जाहिरातीला मिळवता आलेलं नाही.

छावणी उठली. बहुतेकांना पोलंडला परतता आलं नाही, कारण त्यांचं गाव आता सोव्हिएत सरहद्दीत गेलं होतं किंवा देशावर सोव्हिएत अंमल होता. ते इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेत पांगले. रिकाम्या बराकींत फाळणीनंतर सिंधहून आलेली कुटुंबं राहायला आली आणि तिथे गांधीनगर उभं राहिलं, आज पश्चिम महाराष्ट्रात कापडाच्या घाऊक बाजारासाठी प्रसिद्ध असलेलं. दोन निरनिराळ्या खंडांतले बेघर लोक पाठोपाठ एकाच छपराखाली सावरले, अशी जागा जगात कितीशी सापडेल?

पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवट असेपर्यंत सैबेरियातल्या हद्दपारीबद्दल उघड बोलायची सोय नव्हती, त्यामुळे वळिवड्याबद्दलही नव्हती. ती आठवण जपली ती पांगलेल्या लोकांनी. ते भेटत राहिले, त्यांनी ‘भारतातले पोलिश’ म्हणून संघटना केली, आठवणी आणि कागदपत्रं गोळा करून जाडजूड ग्रंथ काढला. १९८९ नंतर पोलंड मोकळा झाला आणि ही आठवण राष्ट्राच्या स्मृतीत गेली. २०१९ च्या सप्टेंबरात त्यातले काही जण, आता ऐंशीच्या पुढचे, वळिवड्याला परत आले. पोलंडचे उपपरराष्ट्रमंत्री सोबत होते. स्मृतिस्तंभाचं अनावरण झालं. कोल्हापुरात महावीर उद्यानातही त्यांचं स्मारक आहे. त्या उद्यानात सकाळी फिरायला येणाऱ्यांपैकी किती जण त्यावरचा मजकूर थांबून वाचतात, हे वाचकानं स्वतःच एकदा जाऊन पाहावं.

२०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा तिथे वैद्यकीय शिक्षण घेणारी आपली हजारो मुलं सरहद्दीकडे धावली. पोलंडनं त्यांना व्हिसाशिवाय आत घेतलं. हा वळिवड्याचा मोबदला होता असं मी म्हणणार नाही. त्या दिवसांत पोलंडनं इतर देशांच्याही लोकांना आत घेतलं, आणि सरहद्दीवर आपल्या मुलांना त्रासही झाला. पण त्या आठवड्यांत जामनगर आणि कोल्हापूरची आठवण जाहीरपणे निघाली, आणि ज्या देशाशी आपला रोजचा संबंध फारसा नाही त्याच्याशी बोलताना पहिलं वाक्य तयार होतं. परराष्ट्र व्यवहारात तयार पहिलं वाक्य ही लहान गोष्ट नाही. २०२४ च्या दौऱ्यात दरवर्षी वीस पोलिश तरुणांना भारतात बोलावण्याची योजना जाहीर झाली, तिला नाव दिलं जामसाहेबांचं.

सॉफ्ट पॉवर ही संज्ञा अमेरिकी अभ्यासक जोसेफ नाय यांनी १९९० मध्ये रूढ केली. धाक न दाखवता आणि पैसा न मोजता, दुसऱ्याला आपलंसं वाटून त्यानं आपल्या बाजूनं यावं, ही ती ताकद. नाय यांच्या डोळ्यांसमोर अमेरिका होती. तिच्याकडे हॉलिवूड होतं, विद्यापीठं होती आणि शिवाय विमानवाहू नौकाही होत्या. श्रीमंत देशाला ही ताकद वरकड मिळते. गरीब देशाला तिची गरज जास्त असते, कारण त्याच्याकडे दुसरं फारसं काही नसतं. कोस्टा रिकानं १९४८ मध्ये लष्कर मोडीत काढलं आणि शांततेचा देश म्हणून नाव मिळवलं. क्यूबानं १९६३ पासून अल्जीरियापासून सुरुवात करून आपले डॉक्टर जगभर पाठवले. दोन्ही देश लहान, पण संयुक्त राष्ट्रांत त्यांचा शब्द त्यांच्या आकारापेक्षा मोठा पडतो.

हे सगळं दूरचं वाटत असेल तर शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्याला विचारा. त्याचं कास्टिंग परदेशी ग्राहकाच्या तपासणीत उतरतं की नाही हा पुढचा भाग. आधी त्या ग्राहकाच्या मनात ‘भारतातला माल’ म्हणजे काय हे ठरलेलं असतं. जपानी मालाला जो भाव पहिल्या भेटीत मिळतो, त्यासाठी आपल्या उद्योजकाला दहा वर्षं नमुने पाठवावे लागतात. व्हिसाच्या खिडकीवर उभ्या राहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला बँकेचे कागद जास्त दाखवावे लागतात, तेही यामुळेच. देशाच्या प्रतिमेची किंमत सरकार मोजत नाही. ती असा एकेकटा माणूस मोजतो. म्हणून हा विषय परराष्ट्र खात्यावर सोडून देण्यासारखा नाही.

या ताकदीची मर्यादाही सांगायला हवी, आणि ती सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्याइतकी स्वच्छ कुणी दाखवत नाही. १९३८ मध्ये काँग्रेसनं चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते. जपानी आक्रमणाखाली चिरडलेल्या चिनी सैनिकांवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, तिथेच लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट केला आणि कोटणिसांची भूमिका स्वतः केली. शिजियाझुआंगला त्यांची समाधी आहे. हू जिंताओ २००६ मध्ये मुंबईत आले, ली केकियांग २०१३ मध्ये आले, तेव्हा कोटणिसांच्या बहिणीला भेटल्याशिवाय गेले नाहीत. तरीही १९६२ चं युद्ध झालं आणि २०२० मध्ये गलवान झालं. एका डॉक्टरचं बलिदान सैन्याला थोपवू शकत नाही. जे लोक सांस्कृतिक मैत्रीच्या भरवशावर सीमेची काळजी सोडतात ते चूक करतात. पण जेव्हा दोन देशांना पुन्हा बोलायला सुरुवात करायची असते, तेव्हा याच नावानं दार उघडतं. दार उघडणं आणि घर राखणं ही दोन कामं आहेत. दोन्हीसाठी वेगळी माणसं लागतात.

आता चपलेकडे येतो, कारण आमच्या काळात कोल्हापूरचं नाव जगभर गेलं ते चपलेमुळे. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीनं पुरुषांसाठी चामडी सँडल दाखवल्या. अंगठा, पट्टा, सगळी ठेवण कोल्हापुरी. कोल्हापूरचं नाव कुठेच नाही. महाराष्ट्रात संताप उसळला, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सनं पत्र लिहिलं, कंपनीनं प्रेरणा भारतीय कारागिरांची असल्याचं मान्य केलं. जुलैत तिची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली. डिसेंबरात कंपनीनं महाराष्ट्राच्या ‘लिडकॉम’ आणि कर्नाटकाच्या ‘लिडकर’ या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला: कोल्हापुरी चपलेपासून प्रेरणा घेतलेले दोन हजार जोड इथल्या कारागिरांकडून करून घ्यायचे, आणि किंमत सुमारे आठशे युरो.

या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते असं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालेलं होतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा त्यावर हक्क. पण जीआय नावाचं रक्षण करतं. कंपनीनं नाव वापरलंच नव्हतं, घाट उचलला होता. मुंबई उच्च न्यायालयात गेलेली जनहित याचिकाही जुलैत फेटाळली गेली. म्हणजे कायद्यानं कंपनीला वाकवलं नाही. ती नमली कारण चित्र पाहताक्षणी जगभरच्या माणसांनी ‘ही तर कोल्हापुरी’ म्हणून ओळखलं. ती ओळख कुठल्याही मंत्रालयानं तयार केलेली नव्हती. शाहू महाराजांनी चर्मोद्योगाला दिलेलं प्रोत्साहन, साठ-सत्तरच्या दशकांत चपला पायात घालून गेलेले परदेशी तरुण, अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या बॅगा, आणि पिढ्यान्‌पिढ्या तोच घाट न बिघडवता शिवणारे हात, यांनी ती घडवली. सॉफ्ट पॉवर कशी असते हे ज्याला पाहायचं असेल त्यानं त्या पंधरवड्याचं वर्तमानपत्र काढून वाचावं.

पण ज्यांच्या हातांनी हे नाव झालं त्यांचं काय? कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्याच्या पाण्यात दिवसचे दिवस मुरवायचं, तळ कापायचा, कान लावायचे, चामड्याच्याच वादीनं शिवायचं, खिळा वापरायचा नाही. वेणी घालायचं बारीक काम बहुतेक घरांत बायका करतात. कापशी, बक्कलनाली, कचकडी, पुकरी ही नावं नुसती वाणांची नाहीत, गावांची आणि घराण्यांची ओळख आहेत. या घरांतली मुलं आज हा धंदा सोडत आहेत. कष्ट जास्त, कमाई कमी, आणि चामड्याच्या कामाला चिकटलेली जातीची हेटाळणी अजून पुरती गेलेली नाही. २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर राज्यात बैलाचं कातडं मिळेनासं झालं, म्हशीच्या आणि परराज्यातून येणाऱ्या मालावर भिस्त आली. बाजारात रेक्झिनच्या चपला ‘कोल्हापुरी’ म्हणून राजरोस विकल्या जातात, खुद्द कोल्हापुरातही. मिलानमध्ये आपलं नाव घेतलं नाही म्हणून आपण जेवढे पेटून उठलो, तेवढे घरच्या या नकलेवर कधी उठलो नाही. जी वस्तू जगात देशाचं नाव सांगते ती करणाऱ्याच्या घरात सन्मान आणि पैसा पोचत नसेल, तर ते नाव फार तर आणखी एक पिढी टिकेल. सॉफ्ट पॉवरवर लिहिणारे बहुतेक जण प्रसाराबद्दल लिहितात. माझ्या मते पहिला खर्च कारागिरावर व्हायला हवा, प्रसाराचं नंतर पाहता येईल.

खाशाबा जाधवांची कथा कोल्हापुरात कुणाला सांगायची गरज नाही, तरी या विषयात ती टाळता येत नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान राजाराम कॉलेजात शिकला. १९४८ मध्ये लंडन ऑलिम्पिकला गेला तो कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं, तिथे सहावा आला. १९५२ च्या हेलसिंकीसाठी पैसे उभे राहीनात, तेव्हा कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपलं घर सात हजार रुपयांना गहाण ठेवलं. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, आणि पुढचं यायला १९९६ साल उजाडलं. चव्वेचाळीस वर्षं एवढ्या मोठ्या देशाच्या नावापुढे वैयक्तिक पदक म्हणून जे एकच लिहिलेलं होतं, ते एका शिक्षकाच्या गहाण घरावर आलेलं होतं. आपण ही गोष्ट अभिमानानं सांगतो. मला ती सांगताना राग येतो. देशाचा लौकिक वाढवणं हे देशाचं काम आहे. ते प्राचार्यांच्या घरावर पडायला नको होतं. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी.

सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. १९५० मध्ये मौलाना आझादांनी भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन केली. १९६४ पासून ‘आयटेक’ योजनेखाली आशिया-आफ्रिकेतल्या हजारो अधिकाऱ्यांना आणि तंत्रज्ञांना आपण प्रशिक्षण दिलं. माझ्या मते भारतानं प्रतिमेसाठी केलेल्या खर्चात सर्वांत सार्थकी लागलेला पैसा हाच, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. इथे शिकून गेलेला माणूस तीस वर्षं आपल्या देशात भारताबद्दल बोलतो. २०१४ मध्ये योग दिनाच्या ठरावाला १७७ देशांनी सहप्रस्तावक म्हणून नाव दिलं, हेही मोठंच. उलट, चकचकीत जाहिराती आणि परिषदांच्या वेळी झोपडपट्ट्यांपुढे लावलेले पडदे यांनी काय साधलं ते मला कधी कळलं नाही. येणारा पाहुणा पडद्यामागे पाहतोच.

याबाबतीत शाहू महाराजांचं १९०२ साल मला नेहमी आठवतं. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी हिंदुस्थानातले अनेक संस्थानिक त्या वर्षी इंग्लंडला गेले, महाराजही गेले. केंब्रिजनं त्यांना एलएल.डी. दिली. रोममधलं प्राचीन प्रेक्षागार पाहून पुढे खासबागेचं कुस्तीचं मैदान सुचलं, असं सांगतात. पण त्या वर्षाचं नाव इतिहासात राहिलं ते २६ जुलैच्या करवीर गॅझेटमधल्या आदेशामुळे: संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांना पन्नास टक्के जागा. महाराज परदेशात असताना तो निघाला. इंग्लंडमधल्या मिरवणुकीत कुणाचा पोशाख कसा होता हे आज कुणाला ठाऊक नाही. कोल्हापूरचं नाव जगातले सामाजिक न्यायाचे अभ्यासक घेतात ते त्या आदेशासाठी. बाहेर दाखवायचं चित्र आणि घरात केलेलं काम यांत टिकाऊ काय, ते इथे दिसतं.

आणखी एक ताजी गोष्ट. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशातले बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून स्वीकारले. अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. आपला पन्हाळा त्यात आहे. पन्हाळा नुसता दगडांचा गड नाही, त्यावर गाव नांदतं, माणसांची घरं-दुकानं आहेत. त्या माणसांना विश्वासात घेऊन, त्यांच्या पोटापाण्याला धक्का न लावता, अंधारबाव आणि अंबरखाना पुढच्या शतकाच्या हाती कसा द्यायचा, यावर आपली परीक्षा होणार आहे. जगातून येणारा पाहुणा तटबंदी पाहील, तसाच तिथला कचराही पाहील आणि गाइड त्याला खरा इतिहास सांगतो की ऐकीव गोष्टी, हेही त्याच्या लक्षात येईल.

पुढच्या लेखांशी वाचकानं वाद घालावा, माझ्याशीही घालावा. माझं म्हणणं एवढंच आहे की विकसनशील देशाला लौकिकाची गरज श्रीमंत देशापेक्षा जास्त आहे, आणि तो कमवणारी माणसं बहुधा साधी, बिननावाची असतात: वळिवड्याचा दूधवाला, कापशीचा चर्मकार, कर्ज काढणारा प्राचार्य. देशानं करायचं काम म्हणजे त्यांची नोंद ठेवणं, त्यांना मोबदला देणं आणि त्यांचं काम पुढच्या पिढीच्या हाती सोपवणं. पोलंडनं आपल्या बाजूची नोंद ठेवली. त्यांच्याकडे आठवणींचे ग्रंथ आहेत. आपल्या बाजूचं, म्हणजे ज्यांनी त्यांना शेजार दिला त्या कोल्हापूरकरांच्या आठवणींचं, त्या तोडीचं पुस्तक मराठीत असायला हवं.

हे काम अजून करता येईल, पण फार दिवस नाही. त्या काळी दहा वर्षांचं असलेलं मूल आज नव्वदीच्या पलीकडे आहे. वळिवडे, गांधीनगर, उचगाव, चिंचवाड या भागात ज्यांच्या घरी छावणीबद्दल बोलणारं कुणी वडीलधारं आहे, त्यांनी आज संध्याकाळीच त्यांच्याजवळ बसावं, मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करावं, जुना फोटो, पत्र, एखादी वस्तू असेल तर तिचं छायाचित्र काढावं आणि ते शिवाजी विद्यापीठाच्या इतिहास विभागाकडे नेऊन द्यावं. गांधीनगरच्या सिंधी कुटुंबांनी बराकींतल्या आपल्या पहिल्या वर्षांबद्दलही असंच लिहून ठेवावं. शाळांनी सहलीचा एक दिवस वळिवड्याच्या स्तंभासाठी राखावा. त्याला परवानगी, निधी, समिती यांतलं काहीच लागत नाही.